शिकागोचे वादक आणि त्यांची छोटी वाद्ये

श्रोतेहो, जॅझ हा शब्द आपल्या कानांस नवा नाही. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊन वाजवीत, त्यांत टेडी वेदरफर्ड नावाचा एक पियानोवादक होता. हा गृहस्थ शिकागोत नावारूपास आला, आशिया खंडात हिंडला, आणि १९४५ साली कलकत्त्यास त्याचा अंत झाला. त्या काळच्या मुंबईकराच्या लेखी जॅझ म्हणजे जेवणाच्या टेबलाशेजारी वाजणारे आणि नाचाला ठेका पुरविणारे संगीत. वेदरफर्डच्या मृत्यूनंतर बरोबर वीस वर्षांनी त्याच शिकागोत काही वादक एकत्र जमले आणि यापुढे आपण कोणाच्या जेवणाची साथ करावयाची नाही, असे त्यांनी ठरविले. त्या निश्चयातून संगीत, चित्रकला आणि नाट्य यांचा जो एक विलक्षण मिलाफ रंगमंचावर अवतरला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

शिकागो शहराचा दक्षिण भाग, ज्याला तेथे साउथ साइड म्हणतात, तो विसाव्या शतकात दक्षिणेकडील राज्यांतून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी भरून गेला. या वस्तीत एके काळी रात्रभर वाजती राहणारी मद्यगृहे व नृत्यगृहे पुष्कळ होती, आणि वादकाचे पोट त्यांवर चाले. १९६० च्या सुमारास ही ठिकाणे एकामागून एक बंद होऊ लागली. जी उरली त्यांच्या मालकांस लोकांच्या ओळखीची गाणीच हवी असत. नवे काही रचून वाजवावे, तर ऐकणार कोण आणि वाजवावयाचे कोठे? वादकांच्या संघटनादेखील वर्णभेदाने दोन होत्या. त्या एक झाल्या १९६६ साली.

रिचर्ड एब्रम्स हा पियानोवादक, ज्याने पुढे मुहाल हे नाव धारण केले, बहुतांशी स्वतःच शिकलेला मनुष्य होता. १९६१-६२ च्या सुमारास त्याने ‘एक्स्पेरिमेंटल बँड’ नावाचा एक मेळा जमविला. त्याचे हेतू साधे होते : तरुण वादकांनी आपली रचना लिहून आणावी, सर्वांनी मिळून ती वाजवून पाहावी, आणि काय जमले व काय फसले ते आपल्याच कानांनी ठरवावे. या मेळ्यातूनच १९६५ च्या मे महिन्यात एक संस्था जन्मली. एब्रम्स, जोडी ख्रिश्चन, स्टीव्ह मॅकॉल आणि फिल कोरन हे तिचे चौघे आद्य प्रवर्तक. ‘असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स’ असे लांबलचक नाव तिला मिळाले. आपण तिला नुसती ‘संस्था’ म्हणू. तिने आपले नऊ उद्देश लिहून काढले. परंतु माझ्या मते सर्वांत दूरगामी ठरला तो एक नियम : संस्थेच्या जलशात वादकांनी स्वतःची रचनाच सादर करावयाची, दुसऱ्याची नाही.

हा नियम वाटतो तितका साधा नव्हे. जलसा स्वतःचा म्हटला की सभागृह भाड्याने घ्यावे लागते, जाहिरात रंगवावी लागते, खुर्च्या मांडाव्या लागतात, दारावर तिकिटे फाडावी लागतात, आणि दिवे कोठे लावावयाचे हेही आपणच ठरवावे लागते. मद्यगृहात वादकाला एक कोपरा मिळे. येथे संपूर्ण रंगमंच त्याच्या स्वाधीन झाला. एकदा रंगमंच आपला झाल्यावर तेथे काय दिसावे हा प्रश्न काय ऐकू यावे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा होऊन बसतो. या वादकांच्या कलेत चित्र, वेष आणि नाट्य शिरले ते कोणा पंडिताच्या सिद्धांतामुळे शिरले असे मला वाटत नाही. खुर्च्या मांडता मांडता ते शिरले.

१९६७ साली संस्थेने मुलांसाठी संगीतशाळा काढली आणि तेथे विनामूल्य शिक्षण दिले. शिक्षकी पेशात जन्म गेल्यामुळे असेल, पण मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. ज्यांच्या स्वतःच्या बिदागीची शाश्वती नव्हती, त्यांनी आधी शाळा काढली.

संस्थेतील रॉस्को मिचेल हा सॅक्सोफोनवादक तेव्हा पंचविशीतला होता. सैन्यातील नोकरी करून तो परतलेला, आणि चित्रेही काढणारा. त्याची ‘साउंड’ ही ध्वनिमुद्रिका १९६६ साली तयार झाली, आणि संस्थेच्या विचारांचे पहिले मोठे प्रमाण म्हणून तिच्याकडे आजही बोट दाखविले जाते. तीत शांतता पुष्कळ आहे. एक सूर येतो, विरतो, मग काही वेळ जवळजवळ काहीच नाही. आणि मग कोठून तरी एखादी घंटी, एखादी शिट्टी, तोंडाने वाजवावयाची बाजाची पेटी. अशा वाद्यांस हे लोक ‘छोटी वाद्ये’ म्हणत. खेळण्यांच्या दुकानातील पिपाणी, सायकलचा भोंगा, खुळखुळे, थाळ्या, लाकडी ठोकळे : जे ध्वनी देईल ते वाद्य. आपल्या भजनी मंडळातील टाळ-चिपळ्यांस जसा आपला म्हणून मान असतो, तसा मान येथे प्रत्येक खुळखुळ्यास मिळाला. यामागे एक घरगुती कारणही होते. फिलिप विल्सन हा त्यांचा ढोलवादक १९६७ साली दुसऱ्या वाद्यवृंदात गेला. त्याची जागा भरेना. तेव्हा प्रत्येकाने थोडा थोडा ठेका आपल्या अंगावर घेतला. अडचणीतून रीत निघाली, आणि रीत निघाल्यावर अडचण कोणास आठवेना.

येथे आपल्या श्रोत्यांच्या मनात एक शंका येईल. उपज तर आपल्या गवयांच्याही गळ्यात असते. मग यात नवल काय? भेद असा आहे की, आपल्या गवयाने कितीही उड्डाण केले तरी राग त्याच्या पायाखाली आणि सम त्याच्या पुढे असते. कोठे परतावयाचे हे त्याला, तबलजीला आणि समोरच्या रसिकाला, तिघांसही ठाऊक असते. समेवर मान हलते ती यामुळेच. शिकागोच्या या मंडळींनी पुष्कळदा परतीचे ठिकाण आधी ठरविलेच नाही. वाजवता वाजवता ते शोधले. याचा अर्थ तालीम नव्हती असा मात्र कोणी करू नये. तालमी रोजच्या असत, आणि रचना लिहिलेल्या असत. केवळ एका रचनेतून दुसरीत केव्हा व कोणी जावयाचे, हे त्या क्षणावर आणि एकमेकांच्या कानांवर सोपविलेले असे.

चित्रकारांशी त्यांचा संबंध जडला तो वस्तीतच. १९६७ च्या उन्हाळ्यात त्रेचाळिसावा रस्ता आणि लँगली मार्ग यांच्या कोपऱ्यावरील एका जुनाट इमारतीची भिंत कृष्णवर्णीय चित्रकारांच्या एका मंडळाने रंगविली. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे आदराची भिंत, असे तिचे नाव. कवी, खेळाडू व पुढारी यांच्या मुखवट्यांसोबत जॉन कोल्ट्रेन, थेलोनियस मंक यांच्यासारखे वादकही तीवर होते. तिच्यासमोर लोक जमत, कविता वाचल्या जात, वादन होई. १९७१ साली आग लागली आणि पुढे ती इमारत पाडण्यात आली. आज पाहावयास उरली आहेत ती छायाचित्रे. याच काळात संस्थेचा जोसेफ जार्मन हा वादक आपल्या जलशांत काव्यपठण, नृत्य आणि नाट्य आणीत होता. १९६५ साली त्याने जॉन केज या विख्यात प्रयोगशील संगीतकारासह एक कार्यक्रम केला. केजला यदृच्छा प्रिय, पण जॅझमधील उपज अप्रिय! तरीही दोघे एका रंगमंचावर आले. मला या प्रसंगात एक गोष्ट खटकते. केजने रंगमंचावर विचित्र वस्तूंतून आवाज काढले की विद्वान त्यास ‘नवसंगीत’ म्हणत. जार्मनने तेच केले की त्यास ‘जॅझ’च म्हणत, आणि तेही बिघडलेले.

जार्मनच्या मेळ्यातील पियानोवादक ख्रिस्तोफर गॅडी १९६८ साली आणि चार्ल्स क्लार्क १९६९ च्या एप्रिलात वारला. दोघेही पंचविशीच्या आतले. जार्मन खचला, आणि मिचेल, तुतारीसारखे ट्रंपेट वाजविणारा लेस्टर बोवी, व बासवादक मॅलॅकाय फेव्हर्स या तिघांस जाऊन मिळाला. बोवीने घरातील सामानसुमान विकून प्रवासाचे पैसे उभे केले, आणि १९६९ च्या जूनमध्ये हे चौघे आपल्या वाद्यांच्या ढिगाऱ्यासह पॅरिसला पोहोचले. ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’ हे नाव त्यांना तेथेच चिकटले. पॅरिसजवळच्या सँ-ल्यू-ला-फोरे गावी एका घरात ते एकत्र राहत, एकत्र तालीम करीत. दोन वर्षांच्या आत त्यांनी डझनाहून अधिक ध्वनिमुद्रिका केल्या. १९७० साली डॉन मोये हा ढोलवादक मिळाला आणि पंचक पूर्ण झाले.

त्यांचा प्रयोग पाहणाऱ्यास प्रथम काय दिसे? रंगमंच घंटा, थाळ्या, ढोल आणि नाना आकारांचे सॅक्सोफोन यांनी असा भरलेला, की वादक त्यांतून वाट काढीत येई. फेव्हर्स, जार्मन आणि मोये यांची तोंडे रंगविलेली, अंगावर आफ्रिकी व पौर्वात्य धर्तीचे वेष. बोवीच्या अंगात प्रयोगशाळेतील पांढरा कोट. मिचेल मात्र नेहमीच्या साध्या कपड्यांत. पाचही जण क्षणभर पूर्वेकडे तोंड करून स्तब्ध उभे राहत, आणि मग पहिला ध्वनी निघे. मग कधी संचलनाची धून, कधी रडणे, कधी थट्टा, कधी दहा मिनिटे केवळ घंटानाद. रंगविलेले चेहरे पाहून यास कोणी सोंगांचा खेळ म्हटल्यास त्याला मी फार दोष देणार नाही. पण त्याने मिचेलच्या साध्या कोटाकडेही पाहावे. एकाच रंगमंचावर आदिम देवळातला उपासक, शास्त्रज्ञ आणि रस्त्यावरचा सामान्य माणूस उभे आहेत, आणि कोणी कोणाचा चाकर नाही, हे चित्र काळजीपूर्वक योजलेले होते.

रंग आणि घंटा नसतानाही हे लोक काय करू शकत, याचे उदाहरण १९७६ च्या ऑगस्टातील आहे. स्वित्झर्लंडमधील विलिसाउ येथील महोत्सवात अँथनी ब्रॅक्स्टन हा संस्थेचाच वादक यावयाचा होता. त्याच्या जागी मिचेल एकटा उभा राहिला. श्रोते आधीच नाखूश. मिचेलने ‘नोना’ या आपल्या रचनेची एक तुटक, काटेरी ओळ वाजविली. मग तीच पुन्हा. मग पुन्हा तीच. कित्येक मिनिटे दुसरे काही नाही! लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या. त्याने ओळ सोडली नाही. हळूहळू तिचा आवाज व धार बदलत नेली. आणि ध्वनिमुद्रिकेवर स्पष्ट ऐकू येते की, त्याच श्रोत्यांचा गोंगाट शेवटी वाहवेत पालटला. त्या रात्री कॅनव्हासच्या जागी सभागृह होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

संस्थेतील इतरांनी कागदावरच चित्र आणि सूर एक केले. ब्रॅक्स्टनने रचनांची नावे शब्दांत न देता आकृत्यांत दिली. वाडाडा लिओ स्मिथने १९६७ पासून रंग व आकार यांची एक लिपी घडविली. वादकाने त्या रंगाचा व आकाराचा अभ्यास करावयाचा आणि त्यातून आपले वादन काढावयाचे. ती पाने २०१५ साली शिकागोतील एका कलादालनात चित्रांसारखी टांगली गेली.

त्याच २०१५ साली संस्थेला पन्नास वर्षे झाली, आणि शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयाने ‘द फ्रीडम प्रिन्सिपल’ नावाचे मोठे प्रदर्शन भरविले. आर्ट एन्सेम्बलची वाद्ये, मिचेलचा पिंजऱ्यासारखा रचलेला घंटा-थाळ्यांचा संच, जुन्या जाहिराती, स्वरलिपी, आणि या संगीतापासून स्फूर्ती घेतलेल्या तरुण चित्रकारांच्या कृती तेथे मांडल्या होत्या. ज्यांना एके काळी वाजवावयास जागा नव्हती, त्यांचे खुळखुळे संग्रहालयात गेले. यात आनंद मानावा हे खरे. पण ज्या घंटेस कोणी हात लावावयाचा नाही, ती घंटा कसली? या कलेचा प्राण ती वाजविली जाण्यात होता. बोवी १९९९ साली गेला, फेव्हर्स २००४ साली. त्यांच्या मागे उरलेल्या वस्तू नुसत्या मांडून ठेवल्या, तर त्यांच्या कलेचे काय उरते, हा प्रश्न संग्रहालयाच्या दारातच उभा राहतो.

प्रदर्शन चालू असताना, सप्टेंबरात, पंचाहत्तरीचा मिचेल त्या संग्रहालयात आठ वादकांसह आला. दोन दोन वादक स्वतःबरोबर घेऊन त्याने चार त्रिकुटे केली होती, आणि शेवटी नऊही जण एकत्र वाजवीत. त्यांनी प्रदर्शनातील आर्ट एन्सेम्बलच्या संचांना हात घातला आणि ते वाजविले. त्या वादनाची दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘बेल्स फॉर द साउथ साइड’, अर्थात साउथ साइडसाठी घंटा.