मानखुर्दजवळची एक भारलेली चकती

पनवेलहून सीएसएमटीला जाणारी लोकल वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्दला थांबते. तिथून जवळच, ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आजची गोष्ट तिथल्या एका प्लास्टिकच्या चकतीची.

लोहचुंबक चुंबकत्व धरून ठेवतो ना, तसा वर्षानुवर्षं विद्युतभार धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे इलेक्ट्रेट. १९१९च्या सुमारास जपानच्या मोतोतारो एगुची यांनी मेण आणि राळ वितळवली आणि विद्युतक्षेत्रात ठेवून थंड होऊ दिली. रेणू एका दिशेला वळले आणि तसेच गोठले. १९६२मध्ये अमेरिकेत सेस्लर आणि वेस्ट यांनी पातळ प्लास्टिकचा इलेक्ट्रेट वापरून माइक बनवला. वायरवाल्या हेडफोनमध्ये आजही बहुधा तोच असतो.

आता दुसरा उपयोग बघा. किरणोत्सर्गामुळे हवेत आयन तयार होतात. इलेक्ट्रेट विरुद्ध भाराचे आयन ओढून घेतो, आणि तेवढा त्याचा स्वतःचा भार घटतो. म्हणजे घट मोजली की किरणोत्सर्ग कळला! कल्पना १९५०च्या दशकातली, पण मेणाचा भार दमट हवेत टिकायचा नाही. टेफ्लॉन पाणी धरत नाही, त्यामुळे गाडी पुढे सरकली.

१९८१मध्ये ट्रॉम्बेचे पी. कोटरप्पा, दुआ, गुप्ता आणि मय्या यांनी शोधनिबंध लिहिला: इलेक्ट्रेटने हवेतला रेडॉन मोजायचा. रेडॉन जमिनीतल्या युरेनियमपासून येतो. त्याला ना रंग, ना वास. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक मोठं कारण आहे. धूम्रपान न करणाऱ्यांनाही त्याचा धोका असतो.

मोजायचं कसं? चकतीला हात लावला की भार गेलाच. म्हणून ती न शिवता मोजतात. वर धातूची पट्टी धरली की तिच्यावर भार प्रेरित होतो, त्यावरून चकतीचे व्होल्ट कळतात. समजा आधी ७०० होते, काही दिवसांनी ६५० भरले. या ५० मधून नेहमीच्या गॅमा किरणांचा वाटा वजा करायचा, उरलेली घट रेडॉनची.

कोटरप्पा पुढे अमेरिकेत गेले. तिथे याच तत्त्वावरचं उपकरण घराघरांतला रेडॉन मोजू लागलं. बॅटरी नाही, वायर नाही. डबी उघडून ठेवायची आणि नंतर बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची. जे नाकाला कळत नाही, त्याचा हिशेब चकतीवर लिहिलेला असतो.