शुक्रवारपेठ ते कुंदगोळ : एका गायनशाळेचा परिसर

शाळा म्हटली की इमारत, हजेरीपट, वेळापत्रक आणि परीक्षा या चार गोष्टी आमच्यासारख्या शाळामास्तरांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभ्या राहतात. परंतु कलेच्या इतिहासात ज्या शाळांनी युग घडविले, त्यांपैकी कित्येकींजवळ यांतले काहीच नव्हते. ब्राझीलमधील रिओ शहरात सांबा या नृत्यगायनाच्या मंडळ्यांना आजही 'शाळा' असेच म्हणतात. १९२८ साली एस्तासिओ वस्तीत निघालेली 'देइशा फालार' ही त्यांतील आद्य मंडळी मानली जाते. जवळच शिक्षकांचे अध्यापनविद्यालय होते. तेथे शिक्षक घडतात, तसे आमच्याकडेही घडतात, या अभिमानाने हे नाव पडले, असे तिच्या एका संस्थापकाने सांगून ठेवले आहे. या मंडळ्यांचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. बाहिया प्रांतातून आलेल्या, मिठाई विकून पोट भरणाऱ्या सिआता नामक कृष्णवर्णीय स्त्रीच्या घरी सांबा वाढला. ज्या वस्तीला प्रतिष्ठित समाज नाके मुरडीत होता, तिनेच त्या राष्ट्राला त्याचे संगीत दिले.

हा दूरदेशीचा दाखला घेण्याचे कारण असे की, हुबळी-धारवाडचा संगीतेतिहास वाचताना आम्हांस त्याचे वारंवार स्मरण होते. धारवाडातही अध्यापनविद्यालय होते, आणि तेथील ट्रेनिंग कॉलेजात प्रत्यक्ष भास्करबुवा बखले यांनी संगीत शिकविले. सतारिये रहिमतखाँ यांनी याच नगरात विद्यालय काढले. परंतु या औपचारिक संस्थांच्या जोडीने दुसरी एक शाळा चालू होती, आणि तिच्या दारावर पाटी नव्हती.

ती शाळा म्हणजे शुक्रवारपेठेतील अंबाबाईंचे घर. अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या जाणत्या गायिका होत्या. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ धारवाडास आले म्हणजे त्यांचे गाणे ऐकत. त्यांची कन्या गंगूबाई हनगल यांचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी झाला. गाणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या या मुलीस त्या परिसरात काय सोसावे लागले, हे त्यांच्या आत्मकथनात नमूद आहे. शेजाऱ्याच्या बागेतील आंबे घेतले, यापेक्षा गाणारणीच्या मुलीचा पाय तेथे लागला, याचाच अधिक बोभाटा झाला. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये महात्माजींसमोर स्वागतगीत गाताना, आपल्यास वेगळे तर बसविणार नाहीत ना, ही धास्ती त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात होती. जे कान तिच्या स्वरासाठी आतुर होते, त्यांच्याच जिभेवर तिच्या जातीचा उपहास होता.

लेकीने हिंदुस्थानी पद्धती आत्मसात करावी म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे कर्नाटक गायन सोडले. आयुष्यभराची विद्या मुलीच्या गळ्यासाठी मुकी करणे, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणत्या शिष्याने दिली आहे? येथे ती आईने दिली. १९२८ च्या सुमारास कुटुंब हुबळीस आले, आणि १९३२ मध्ये अंबाबाई निवर्तल्या.

पुढील पाठ कुंदगोळास झाले. जमखंडी संस्थानातील हे गाव हुबळीपासून आगगाडीने फार लांब नव्हे. तेथील नाडगीर वाड्यात अब्दुल करीमखाँचा मुक्काम असे, आणि त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर तेथलेच. मराठी रंगभूमीने, विशेषतः त्यांच्या सुभद्रेने, रामभाऊंस 'सवाई गंधर्व' केले. नाटकमंडळीचा संसार आटोपून ते गावी परतले, तेव्हा त्यांचे घर हेच विद्यापीठ झाले. भीमसेन जोशी तेथे राहून पडेल ते काम करीत शिकले. गंगूबाई संसार सांभाळून आगगाडीने जात व रात्रीच्या गाडीने परतत. आज गुरूचा एकच पलटा तासन्‌तास घोटविण्याचा क्रम ऐकून आमचे विद्यार्थी हसतील. परंतु त्याच घोटण्यातून आवाजाला ठाव लागला. कन्नड मातृभाषेचे हे गायक मराठी नाटकाच्या प्रेक्षकांनी वाढविलेल्या गुरूकडून उत्तरेची गायकी शिकत होते, हे सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या उभय पक्षांनी ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

सवाई गंधर्व १९५२ मध्ये वारले. पुढील वर्षापासून पुण्यात त्यांच्या नावे महोत्सव सुरू झाला. कुंदगोळच्या वाड्यातही पुण्यतिथीस गाणे होत आले. गंगूबाईंना २००२ मध्ये पद्मविभूषण मिळाले, २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले, आणि पुढे शहरालगत उणकल येथे त्यांच्या नावाचे गुरुकुल उभे राहिले. हे सर्व योग्यच झाले. परंतु शुक्रवारपेठेतील जन्मघराचे स्मारक करूनही पुढे त्याची पडझड झाली, हेही विसरून चालणार नाही. रिओतील सिआतेच्या वस्तीचा मध्यभाग १९४४ मध्ये खुल्या झालेल्या रुंद हमरस्त्याने गिळला. तेथे निदान रस्त्याचे निमित्त होते.

गुरुकुल नवे बांधता येते. परिसर बांधता येत नाही. कोणत्या आळीत कोणती आई गप्प राहिली म्हणून कोणती मुलगी गाऊ शकली, हे सांगणाऱ्या भिंती पडू दिल्या, तर घराण्यांच्या वंशावळीत केवळ पुरुषांचीच नावे उरतील. अंबाबाईंचे नाव अशा कोणत्याही वंशावळीत नाही. ते तेथे घालणे, हे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य आहे असे आम्ही समजतो.