अंतराळवीर डॉक्टर

वैद्यकाची पदवी असलेला आणि प्रत्यक्ष अवकाशात राहून संशोधन करणारा अंतराळवीर. यानात डॉक्टर असतो तो आजारी सोबत्याला औषध देण्यासाठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र दाखवतो की त्याला तेथे पाठवले गेले ते मुख्यतः धडधाकट शरीर वजनरहित अवस्थेत कसे बदलते, हे पाहण्यासाठी. पहिले अंतराळवीर डॉक्टर बोरिस येगोरोव १२ ऑक्टोबर १९६४ रोजी वोस्खोद-१ मधून गेले आणि एका दिवसात परतले; तेवढ्यात त्यांनी सोबत्यांच्या रक्ताचे नमुनेही घेतले. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत-७ या अवकाश स्थानकावर पोहोचले, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ ओलेग आत्कोव तेथे मुक्कामाला होतेच. तो मुक्काम २३७ दिवसांवर गेला. डॉक्टर व्हालेरी पोल्याकोव यांनी तर स्वतःलाच प्रयोगाला लावले. मंगळापर्यंतच्या प्रवासानंतर माणूस उतरून कामाला लागू शकेल का, हा त्यांचा प्रश्न होता. जानेवारी १९९४ पासून ४३७ दिवस ते मीर स्थानकावर राहिले आणि मार्च १९९५ मध्ये उतरल्यावर कुपीपासून जवळच्या खुर्चीपर्यंत आपल्या पायांनी चालत गेले. अवकाशात खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्यांनी घटते, हे ध्यानात घेतले की त्या चार पावलांचे मोल कळते. अर्थात एका माणसाच्या निकालावरून नियम ठरत नाही.

यानातील एक जागा डॉक्टरला देणे परवडत नाही, हा आक्षेप पोकळ नाही. प्राथमिक उपचार शिकवलेला वैमानिक किंवा अभियंता पृथ्वीवरच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून बरेच निभावून नेतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत झालेली रक्ताची गुठळी याच पद्धतीने हाताळली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रकरणात पुढची औषधे मालवाहू यानाने पाठवावी लागली. पृथ्वीजवळच्या कक्षेत हे जमते. मंगळाच्या वाटेवर संदेश एका बाजूने पोहोचायलाच २० मिनिटांहून अधिक लागू शकतात, आणि मागून औषध येत नाही. तिथे डॉक्टर हवाच. तोच आजारी पडला तर काय, ही शंका उरतेच; म्हणून दुसऱ्या कोणाला तरी त्याचे काम शिकवून ठेवणे भाग आहे.

भारतात बंगळूरच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि गगनयान या मानवी अवकाशमोहिमेच्या उमेदवारांची वैद्यकीय पारखही तेथेच झाली. निवडलेले चौघेही मात्र वैमानिक आहेत.