न्यूपोर्टचा हुर्यो

शिक्षकाच्या हातून मुलांवर जे अन्याय होतात, त्यांची नोंद शाळेच्या कोणत्याच दप्तरात होत नाही. माझ्या हातून झालेला असा एक अन्याय मला फार उशिरा कळला, आणि तो कळायला निमित्त झाले सातासमुद्रांपलीकडच्या एका गायकाचे.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. गळा मोठा गोड. दर वर्षी स्नेहसंमेलनात तो पेटीच्या साथीवर अभंग म्हणे आणि गावातल्या बायाबापड्या डोळ्यांना पदर लावीत. दहावीच्या वर्षी मात्र तो कोठून तरी विजेची गिटार मागून घेऊन रंगमंचावर आला. मागे दोन मित्र आणि एक ड्रम. अभंग नाही, स्वतःच रचलेले एक गाणे. पाठीमागून शिट्ट्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतली वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मी विंगेत उभा होतो. गाणे अर्धे झाले असेल नसेल, मी पडदा पाडण्याची खूण केली. "अरे, देवाने गळा दिला आहे, त्याची अशी माती कशाला करतोस?" असे वर सुनावलेही. तो काही बोलला नाही. पुन्हा शाळेत तो गायलाही नाही.

पुढे २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक बॉब डिलन या अमेरिकन गायकाला जाहीर झाले. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी मलाच गाठले : गाणाऱ्याला साहित्याचे पारितोषिक कसे? मला त्याच्या नावापलीकडे काहीच ठाऊक नव्हते. लाजेकाजेस्तव वाचू लागलो, आणि वाचता वाचता २५ जुलै १९६५ च्या रात्रीपाशी येऊन थबकलो. त्या रात्रीची हकीकत आज सांगायची आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचे गाव आहे. १९५९ पासून तेथे लोकसंगीताचा महोत्सव भरू लागला. खाणकामगारांची, शेतमजुरांची, काळ्या लोकांच्या देवळांतली गाणी तेथे गायली जात. वाद्ये साधी, कपडे साधे. १९६३ च्या महोत्सवात तर नामवंत असो वा अनामिक, प्रत्येक कलावंताला बिदागी एकच : पन्नास डॉलर. बाजारू करमणुकीहून वेगळे असे काही तरी आपण जपतो आहोत, अशी तेथे जमणाऱ्या तरुणांची श्रद्धा होती. काळ्या-गोऱ्यांच्या समतेची चळवळ तेव्हा ऐन भरात होती, आणि ही गाणी त्या चळवळीचा श्वास होती.

आपल्याकडे शाहिराला जे स्थान, ते या तरुणांनी डिलनला दिले होते. 'ब्लोइंग इन द विंड' हे त्याचे गाणे जो तो गुणगुणत होता. २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनला आपले जगप्रसिद्ध भाषण केले, त्या मेळाव्यात बावीस वर्षांचा डिलन गायला होता. विस्कटलेले केस, कामगाराचा सदरा, एक साधी लाकडी गिटार आणि गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन हे त्याचे रूप तरुणांच्या मनावर कोरले गेले होते.

तथापि, हे रूप तरी जन्माचे कोठे होते? मिनेसोटा राज्यातल्या हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात तो वाढला. घरचे नाव रॉबर्ट झिमरमन. शाळेत असताना तो मित्र जमवून धांगडधिंग्याचे रॉक संगीत वाजवीत असे. १९५९ च्या शाळेच्या वार्षिकात त्याच्या नावाखाली महत्त्वाकांक्षा छापली आहे ती रॉक गायक लिट्ल रिचर्डच्या ताफ्यात सामील होण्याची! पुढे लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रिका कानी पडल्या, वुडी गथ्री या भटक्या लोकगायकाचे आत्मचरित्र हाती आले, आणि पोराने वेष बदलला, बोलण्याची ढब बदलली, नावही बदलले. १९६१ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्कला आला आणि असाध्य रोगाने ग्रासलेल्या गथ्रीला रुग्णालयात जाऊन भेटला. तेव्हा ज्याला त्याचे चाहते अस्सल म्हणत होते, तोही मुळात एक धाडसी बदलच होता. मात्र तो त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला नव्हता.

१९६५ च्या मार्चमध्ये त्याची नवी ध्वनिमुद्रिका आली, तिच्या एका बाजूवर विजेची वाद्ये होती. २० जुलैला 'लाइक अ रोलिंग स्टोन' आले. रेडिओवरची गाणी साधारण तीन मिनिटांत आटपत. हे सहा मिनिटांहून लांब. तरीही अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. आणि ते बाजारात आल्यावर पाचच दिवसांनी, रविवारी रात्री, डिलन न्यूपोर्टच्या मंचावर आला तो काळे चामडी जाकीट घालून, विजेची गिटार गळ्यात अडकवून. मागे ड्रम, ऑर्गन आणि माइक ब्लूमफील्डची कर्कश गिटार.

तीन गाणी झाली. टाळ्या पडल्या, तसाच हुर्योही उडाला. कोणी म्हणतात, लोक विजेच्या गिटारीवर चिडले. कोणी म्हणतात, आवाज इतका फाटत होता की शब्दच कळेनात. कोणी म्हणतात, एवढ्या लांबून आलेल्या श्रोत्यांना तीनच गाणी मिळाली म्हणून ते खवळले. लोकसंगीताचे अध्वर्यू पीट सीगर यांनी कुऱ्हाड घेऊन तार तोडायला धाव घेतली, अशी दंतकथा रूढ झाली. कुऱ्हाड काही कोणी उचलली नव्हती. कुऱ्हाड असती तर तार तोडली असती, असे आपण म्हणालो हे सीगर यांनी पुढे कबूल केले. पण राग गिटारीवर नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते यावर होता, असा त्यांचा खुलासा होता.

संयोजकांच्या विनवणीवरून डिलन परत आला. या वेळी हातात साधी गिटार होती, तीही उसनी. दोन जुन्या ढंगाची गाणी गाऊन तो गेला. त्यातले शेवटचे निरोपाचे होते. त्यानंतर सदतीस वर्षे, २००२ पर्यंत, तो न्यूपोर्टला गायला नाही.

हुर्यो मात्र त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडला. १९६६ च्या दौऱ्यात तो अर्धा कार्यक्रम एकट्याने साध्या गिटारीवर करी आणि अर्धा विजेच्या वाद्यांसह. पहिल्या अर्ध्यात टाळ्या, दुसऱ्यात आरडाओरडा. त्याचा ड्रमवादक लेव्हन हेल्म रोजच्या या अवहेलनेला कंटाळून आधीच सोडून गेला होता. १७ मे १९६६ रोजी इंग्लंडात मँचेस्टरच्या सभागृहात अंधारातून आरोळी आली, "जुडास!" येशूला तीस नाण्यांसाठी विकणारा तो शिष्य. याहून मोठी शिवी ख्रिस्ती समाजात नाही. डिलनने त्या माणसाला खोटारडा म्हटले, साथीदारांकडे वळून आणखी जोरात वाजवायला सांगितले आणि पुढचे गाणे सुरू केले. या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे.

मी ते ऐकले आहे. त्या आरोळीत मला द्वेषापेक्षा दुःख अधिक ऐकू आले. ज्याच्या गाण्यावर आपण चांगले माणूस होण्याचा निश्चय केला, तोच बाजाराच्या वाटेला लागला, असे त्या तरुणांना वाटले. त्यांना वेड्यात काढणे सोपे आहे. पण त्यांनी खरोखरच काही तरी गमावले होते. चूक एवढीच, की गाण्यावरचे आपले प्रेम म्हणजे गाणाऱ्यावरची मालकी, असे ते समजून बसले.

आणि डिलन त्यांचा झाला नाही तसा नव्या चाहत्यांचाही झाला नाही. १९६६ च्या जुलैत मोटारसायकलचा अपघात झाला आणि सुमारे आठ वर्षे त्याने दौरे थांबवले. १९६७ च्या अखेरीस, जग गोंगाटात बुडालेले असताना, याने शांत, जवळजवळ बायबली ढंगाची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या वेष्टनावर त्याच्या शेजारी आपल्या बंगालचे दोन बाउल गायक, पूर्णदास आणि लक्ष्मणदास, उभे आहेत! १९६९ मध्ये गावरान अमेरिकन संगीत, तेही निराळ्याच आवाजात. १९७९ मध्ये ख्रिस्ती भक्तिगीते, आणि पुन्हा हुर्यो! न्यूपोर्टला वाजवलेली ती गिटार २०१३ साली ९,६५,००० डॉलरना विकली गेली. ज्या वस्तूवर एके काळी लोक ओरडले, तिच्यासाठी पुढे लोकांनी थैल्या मोकळ्या केल्या.

डिलनला हुर्यो सोसवला, कारण तो चोवीस वर्षांचा होता, त्याची गाणी यादीत चढत होती आणि मागे पाच वादक उभे होते. पंधरा वर्षांच्या मुलामागे काय असते? त्याच्यामागे शिक्षकाने उभे राहायचे असते.

गेल्या दिवाळीत तो मला तालुक्याच्या गावी भेटला. मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे त्याचे. गिऱ्हाईक सोडून तो लगबगीने बाहेर आला, वाकून नमस्कार केला, चहा मागवला. बऱ्याच वेळाने धीर करून मी विचारले, "तुझे ते गाणे अर्धेच राहिले रे. पुढे काय होते त्यात?"

तो हसला. म्हणाला, "सर, किती वर्षे झाली! आता कुठे आठवतंय?"

चहा संपेपर्यंत आम्ही दोघेही मग पावसापाण्याविषयी बोलत राहिलो.