हास्याचा काळ : साल्झबुर्गच्या ‘फालस्टाफ’चे १९३७ मधील ध्वनिमुद्रण

शेक्सपिअरची ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ ही सुखात्मिका आणि वेर्दीचा ‘फालस्टाफ’ हा ऑपेरा यांचा संबंध तौलनिक अभ्यासात बहुधा संहितेच्या पातळीवर तपासला जातो. संहिताकार आर्रिगो बोइतो यांनी पात्रे कमी केली, फालस्टाफची तिहेरी फजिती दोन प्रसंगांत आणली आणि ‘हेन्री चौथा’च्या पहिल्या भागातील प्रतिष्ठेविषयीचे चिंतन त्याच्या तोंडी घातले. हे सारे महत्त्वाचे आहेच. परंतु ९ फेब्रुवारी १८९३ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम सादर झालेल्या या कृतीतील विनोद शब्दांइतकाच काळाच्या योजनेत आहे, आणि ही योजना प्रयोगातच प्रत्ययास येते. म्हणूनच ऑगस्ट १९३७ मध्ये साल्झबुर्ग महोत्सवात झालेल्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण साहित्याच्या अभ्यासकालाही साधनरूप ठरते.

या प्रयोगाचे संगीत-संचालक आर्तुरो तोस्कानिनी तेव्हा सत्तर वर्षांचे होते. वादक व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे होते आणि फालस्टाफची भूमिका मारिआनो स्ताबिले यांनी केली होती. १९२१ च्या अखेरीस ला स्काला पुन्हा सुरू झाले, तेव्हाही तोस्कानिनींनी हाच ऑपेरा आणि हाच गायक निवडला होता. फॅसिस्ट गीत वाजवण्यास नकार दिल्याबद्दल १९३१ मध्ये बोलोन्यात त्यांच्यावर हल्ला झाला. १९३३ मध्ये त्यांनी नाझी जर्मनीतील बायरॉइट महोत्सवाकडे पाठ फिरवली. त्यानंतर त्यांनी साल्झबुर्ग जवळ केले. तेथे इंग्लिश नाटकावर आधारलेला हा ऑपेरा जर्मनभाषक भूमीवर इटालियनमध्येच गायिला गेला.

ध्वनिमुद्रणासाठी सेलेनोफोन ही ऑस्ट्रियन पद्धत वापरण्यात आली होती. तीत ध्वनीचे रूपांतर प्रकाशात करून तो फितीवर उमटवला जाई. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटांचे संगीत मावत असे. फितीला हे बंधन नव्हते. ध्वनीची प्रत बेताची असली, तरी सलगता टिकली. ‘फालस्टाफ’मध्ये सुटी पदे फारशी नाहीत, संवाद, गायन आणि वाद्यवृंद एकमेकांत मिसळत पुढे सरकतात. अशा कृतीचे चार-चार मिनिटांचे तुकडे पाडले, तर तिची विनोदगतीच खंडित होते.

दुसऱ्या अंकाचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मळक्या कपड्यांच्या टोपलीत फालस्टाफ गुदमरतो आहे, पडद्याआड प्रेमिकांची कुजबुज चालली आहे आणि संशयाने पेटलेला फोर्ड घर धुंडाळतो आहे. चुंबनाचा आवाज येतो. पत्नीचा प्रियकर सापडला असे समजून फोर्ड दबा धरतो आणि पडदा पाडताच समोर येते ती स्वतःची मुलगी. गद्य नाटकात एका वेळी बहुधा एकच पात्र बोलू शकते. येथे तीन गटांचे तीन काळ एकत्र वाहतात. त्यांचा तोल राखणे हेच संगीत-संचालकाचे भाष्य होय. १९५० मध्ये तोस्कानिनींनी न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून हाच ऑपेरा रंगमंचाविना, दोन शनिवारी विभागून प्रसारित केला. त्याचा ध्वनी अधिक स्पष्ट आहे. मात्र साल्झबुर्गमध्ये हे नट-गायक रंगभूमीवर वावरत होते.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. बालगंधर्वांची नाट्यपदे तबकड्यांमुळे आपल्यापर्यंत आली. पण पदाआधीचा संवाद आणि त्यांच्यामधला विराम तबकडीबाहेरच राहिला. तुकडा टिकला म्हणजे प्रयोग टिकला, असे मानता येत नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हिटलरच्या दडपणापुढे ऑस्ट्रिया झुकत असल्याचे दिसताच तोस्कानिनींनी साल्झबुर्गशी संबंध तोडले. मार्चमध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. हे ठाऊक असल्याने, सारे जग थट्टाच आहे असे सांगणाऱ्या अखेरच्या फ्यूगमध्ये आपणास विनाशाची चाहूल ऐकू येऊ लागते. हा मोह आवरला पाहिजे. साल्झबुर्गची निवड राजकीय होती; त्या फ्यूगची गती वेर्दीची होती. इतिहास या दोहोंना एकत्र आणतो, पण एकरूप करीत नाही. ते हास्य आधी हास्य म्हणून ऐकले, तरच पुढे काय गमावले गेले, याचे मोजमाप करता येईल.