उन्हाला मऊ करणारी चादर

मे महिन्यातल्या एका विज्ञान शिबिरातला प्रसंग. सौरचुलीत भात कसा शिजतो, हे सातवीतली एक मुलगी समजावून सांगत होती आणि मी मोबाइलवर तिचे चित्रीकरण करीत होतो. वेळ दुपारी बाराची. आकाश निरभ्र. याहून चांगला उजेड कुठे मिळणार, असे मला वाटले. संध्याकाळी पालकांना ती चित्रफीत दाखवली, तेव्हा मागची भिंत पांढरीफटक पडलेली होती आणि मुलीच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसत होते. तिच्या आईने तिला ओळखले ते आवाजावरून. भौतिकशास्त्रात उभी हयात घालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट लाजिरवाणीच.

उन्हाळ्यात चित्रीकरण बिघडते ते उजेड कमी पडतो म्हणून नव्हे. तो फार असतो आणि कठोर असतो म्हणून. चलच्चित्राच्या पहिल्या पिढीने हा धडा पुष्कळ फिल्म वाया घालवून शिकला होता. आपल्या हातात कॅमेरा आला, पण तो धडा मात्र आला नाही.

सूर्यामागे फिरणारे घर

सुरुवातीची फिल्म अतिशय मंद होती. तिच्यावर चित्र उमटवण्याइतका प्रखर आणि स्वस्त दिवा एकच होता, तो म्हणजे सूर्य. 1893 मध्ये एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत वेस्ट ऑरेंज येथे चित्रीकरणासाठी एक लाकडी खोली बांधली. तिच्यावर डांबरी कागद मढवलेला होता आणि छताचा काही भाग उघडता येत असे. गंमत अशी, की ही सबंध खोली एका गोल रुळावर बसवलेली होती. सूर्य सरकला की माणसे खोलीच ढकलून फिरवीत! या खोलीला सगळे ‘ब्लॅक मारिया’ म्हणत.

आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, तेही उघड्या मैदानावर. पुढे 1910 च्या सुमारास अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्या दक्षिण कॅलिफोर्नियाकडे वळू लागल्या. त्यामागे वर्षभर मिळणारे लख्ख ऊन हे एक मोठे कारण होते.

मात्र ऊन मिळाले, की त्याचा दुसरा गुण ध्यानात येई. चेहऱ्यावर नाकाची आणि भुवयांची काळी, धारदार सावली पडे.

अर्ध्या अंशाचा दिवा

सावली धारदार का पडते? सूर्य आकाराने प्रचंड असला, तरी पृथ्वीवरून तो आपल्या डोळ्याशी जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने तो जवळजवळ एक ठिपकाच. ठिपक्याएवढ्या उगमापासून निघालेले किरण वस्तूच्या कडेला वळसा घालून मागे पोचत नाहीत. उगम मोठा असेल तर त्याच्या निरनिराळ्या भागांतून येणारे किरण सावलीच्या कडा पुसून टाकतात. यालाच आपण ‘मऊ’ प्रकाश म्हणतो.

आता चेहऱ्यापासून एक मीटर अंतरावर एक मीटर रुंदीचे पातळ पांढरे कापड उन्हाच्या आड धरा. ते कापड चेहऱ्याशी सुमारे 53 अंशांचा कोन करते. म्हणजे अर्ध्या अंशाच्या सूर्याच्या जागी आपण शंभरपट रुंद दिवा टांगला! उजेड थोडा घटला, पण सावली विरघळली.

हा शोध सूत्र मांडून लागला नाही, गरजेतून लागला. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी 1897 मध्ये माँत्रय येथे काचेचे चित्रीकरणगृह उभारले. त्यात बहुतेक ठिकाणी दुधी काचा बसवल्या आणि सुती पडद्यांची सोय केली. कॅलिफोर्नियात उघड्या चौथऱ्यांवर तारा ताणून त्यांच्यावर मलमलीची छते सरकवीत. आपल्या लग्नाच्या मांडवाचेच हे भावंड म्हणायचे!

दादरच्या अंगणात

1912 च्या सुरुवातीला दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी ठरवून एप्रिलमध्ये परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. त्यातला राजवाडा दादरच्या बंगल्याच्या आवारात उभारलेला होता आणि त्यावर दिवा होता तो सूर्याचाच.

या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा फार मोठा. रात्री अंधारात फिल्मच्या कडांना भोके पाडणे, फिल्म धुणे, मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्या करीत. भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत, असेही त्यांच्याविषयी सांगितले जाते. या चादरीचे काम मलमलीच्या छताहून वेगळे. ऊन चादरीवर पडते, विखुरते आणि परावर्तित होऊन चेहऱ्याच्या सावलीत असलेल्या बाजूकडे जाते. आरसा धरला तर प्रकाशाचा एक टोचणारा झोत मिळेल. चादरीचा खडबडीत पृष्ठभाग मात्र तोच प्रकाश सर्व दिशांना वाटून देतो. नियमित आणि विसरित परावर्तनातला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

फिल्मची आणखी एक खोड होती. तेव्हाच्या फिल्मला निळा प्रकाश फार जाणवे आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे उमटे. गव्हाळ किंवा सावळी त्वचा निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश अधिक परावर्तित करते. साहजिकच असा चेहरा प्रत्यक्षात दिसतो त्याहून काळा उमटे आणि नटांना फिकट रंगांचे थर चढवावे लागत. फिल्ममध्ये रंगद्रव्ये मिसळून ती इतर रंगांनाही संवेदनशील करता येते, हे जर्मनीत फोगेल यांनी 1873 मध्येच दाखवले होते. तरी सर्व रंग जाणणारी फिल्म चित्रपटांत सर्रास वापरात यायला 1920 चे दशक उजाडावे लागले.

मोबाइलची अडचण

आजच्या कॅमेऱ्याला सगळे रंग दिसतात. मग माझी चित्रफीत का बिघडली?

पहिले कारण सूर्याची उंची. मुंबईत डिसेंबरअखेरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो. मेच्या मध्यास तो थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. काठीची सावली नाहीशी होते, तेव्हा भुवयांची सावली मात्र नेमकी डोळ्यांवर पडते.

दुसरे कारण कॅमेऱ्याच्या हिशेबाचे. तो सबंध चौकटीतल्या उजेडाचा मेळ घालतो. मागे चकाकणारी भिंत असली, की तो एकूण उजेड उतरवतो आणि त्याची शिक्षा चेहऱ्याला होते. मुलगी सावळी असेल तर अधिकच. म्हणून पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड त्याच्या बेताने ठरवावा. मागची भिंत पांढरी पडली तरी चालेल.

तिसरे कारण छिद्राचे. फाळक्यांना भिंगामागचे छिद्र लहान करता येई. बहुतेक मोबाइलमध्ये ते कायमचे मोठे असते. प्रखर उन्हात जादा प्रकाश टाळण्यासाठी मोबाइल प्रत्येक चौकट सेकंदाच्या काही हजाराव्या भागात टिपतो. सहज दिसणाऱ्या हालचालीला मात्र सुमारे पन्नासावा भाग लागतो. म्हणून कारंज्याचे पाणी किंवा धावणारी मुले झटके देत चालल्यासारखी दिसतात. भिंगासमोर प्रकाश घटवणारी करडी काच लावली, तर हा दोष बराच कमी होतो.

तापलेला मोबाइल चित्रीकरण मध्येच थांबवतो, तेव्हा त्याच्यावर छत्री धरावी. आणि कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नये.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याला दुपारी बारा वाजता मैदानात उभे करून अर्धा मिनिट चित्रीकरण करा. नंतर त्याच्या पायाशी पांढरी चादर अंथरून पुन्हा करा. तिसऱ्या वेळी दोघांना त्याच्या डोक्यावर पातळ धोतर ताणून धरायला सांगा. चौथ्या वेळी त्याला व्हरांड्याच्या कडेला, सावलीत, मैदानाकडे तोंड करून उभे करा. शेवटचे चित्रीकरण सकाळी आठच्या आत करा. चारही उपायांत डोळे केव्हा आणि किती दिसतात, याची नोंद मुलांनाच करू द्या.

मीही दुसऱ्या दिवशी त्या मुलीला पुन्हा बोलावले. भात तोच, चूल तीच. फक्त तिच्या दोन मैत्रिणी चादर धरून उभ्या होत्या. या वेळी आईने आवाज ऐकण्याआधीच मुलीला ओळखले. चादर धरणाऱ्या दोघी चित्रात आल्या नाहीत. तेव्हापासून मी चित्रफितीच्या शेवटी चादर धरणाऱ्यांचीही नावे घालतो.