फियाटचं छत

आम्ही कुशनवाले. गाडीचं छत लोंबायला लागलं की माणूस आमच्या दारात येतो. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फियाट, टॅक्सी म्हणून मुंबईभर धावत होत्या, तेव्हा गोंद लागायचा तो कडेलाच. अस्तराच्या आतून शिवलेल्या नेफ्यांत तारेच्या कमानी ओवायच्या नि कापड ताणायचं. सैल पडलं तर कडा सोडवून पुन्हा ताणलं की भागलं.

पुढे साच्यातल्या पुठ्ठ्यावर फोमचं कापड आलं. उन्हानं फोमचा भुगा होतो. वरून गोंदाचं सोल्युशन मारणं म्हणजे वरवरची मलमपट्टी. पुठ्ठा उतरवा, भुगा खरवडा, सोल्युशन थोडं सुकू द्या, मग नवं कापड मधून कडेकडे दाबत न्या.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता कमानीचं काम आणतात ते फक्त शौकीन.